एकतीस गौण झाडं

तो आला आणि थेट माझ्या मोहफुलांवर चपला घालून उभा राहिला. आमची पहिली भेट ही अशी.

१९८५ सालचा मार्च होता. गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. नवा जिल्हा, नवे साहेब, नवे शिक्के. आमच्या मोहटोल्याची बोडी, म्हणजे गावतलाव, तिच्या दक्षिण काठावर मोहाची एकतीस झाडं ओळीनं उभी होती. तीस झाडं तीस घरांची. एकतिसावं, अगदी वाटेच्या कडेचं, वाटसराचं. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही त्याची फुलं वेचावी, खावी, कुणी हटकायचं नाही, असं आमच्याकडे आधीपासून ठरलेलं.

आमच्या झाडाखालची जमीन मी आदल्या दिवशी झाडून, पाला जाळून अंगणासारखी स्वच्छ केली होती. पहाट सरता सरता फुलं गळायला लागतात... टप्... टप्... पिवळट, रसानं टचटचलेली. त्या गोड, जड वासानं डोकं जरा हलकंच होतं. मी टोपली कमरेला लावून वेचत होते आणि आपल्याच नादात गात होते. तेवढ्यात वाटेवर एक जीप थांबली. तिच्या नाकातून वाफ निघत होती. आतून हा उतरला. पांढराशुभ्र सदरा, त्याला कडक इस्त्री, गळ्यात ढोलकी, हातात पाण्यासाठी रिकामा डबा. आणि बोडीकडे जायला सरळ माझ्या झाडाखालून निघाला!

"ओ भाऊ! पाय कुठी ठेवून राह्यले, पाहा ना जरा!"

तो दचकला, मागे सरकला, आणि मागे सरकताना आणखी दहा-बारा फुलं चिरडली.

"अरे बाप्पा... मले दिसलंच नाई."

"एवढं पिवळं पिवळं दिसलं नाई? मंग ढोलकी कशी दिसते वाजवाले?"

"ढोलकी पाहून नाई वाजवत, बाई. आयकून वाजवतो." तो हसला. हसताना त्याची मान थोडी एका बाजूला कलायची. हे मी तेव्हाच पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडले. "मी आयकतच होतो. म्हनूनच खाली पाह्यचं राहून गेलं... तुमी गाऊन राह्यल्या होत्या ना?"

"नाई. मोह गात होता."

"मंग मोहाचा आवाज चांगला हाय."

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या टोल्याला, म्हणजे वस्तीला, माहीत आहे. पण त्या दिवशी तो नाकावरून घसरून गालावर आला. मी पटकन टोपलीत पाहिलं.

"नाव काय तुमचं?"

"इस्तारी."

"नाव इस्तारी, अन सदऱ्याले इस्त्री!"

तो इतका मोकळा हसला की झाडावरचे पोपट उडाले. मग त्यानं सांगितलं. तो नदीकाठच्या ढिवर मासेमारांचा, ढोलकी वाजवतो म्हणून सरकारी कलापथकात लागलेला. आज वनदिन. शाळेपुढे दहा वाजता कार्यक्रम. झाडं वाचवा अशी गाणी आहेत, या नक्की.

"झाडं वाचवा?" मी कमरेवर हात ठेवला. "कोनापासून?"

त्यानं ढोलकीचा पट्टा उगाच सरळ केला.

"तसं... गान्यात लिहिलं नाई," तो म्हणाला.

*

दहा वाजता आम्ही सगळे शाळेपुढे बसलो. आणि काय सांगू तुम्हाला, ते गाणं ऐकून माझं अंग पेटलं. पथकातला गायक गळ्यात हार घालून आम्हालाच समजावत होता, बांधवांनो, अज्ञान सोडा, हातातली कुऱ्हाड टाका, वृक्षाला मित्र माना! आम्हाला! ज्या गावात फुलावरच्या मोहाची ओली फांदी कुणी मोडत नाही, त्या गावाला! आमच्या बाया वाळकी मोळी डोक्यावर घेऊन निघाल्या तर वनखात्याची माणसं नाक्यावर अडवायची. आणि त्याच नाक्यावरून लाकडं भरलेले ट्रक सलाम घेत जायचे, कारण त्या लाकडांवर शिक्का होता. त्या ट्रकांना कुणी कधी गाणं म्हणून दाखवलं नाही. तिथे ज्ञान भरपूर असावं.

गाणं झालं. वनखात्याचे साहेब उठले. त्यांनी कागद काढला आणि वाचला:

"बोडीच्या दक्षिण काठावरील गौण प्रजातीची एकतीस झाडे निष्कासित करून त्या ठिकाणी सागाची उपयुक्त लागवड करण्यात येईल."

त्या वाक्यातलं एकही पान आमच्या ओळखीचं नव्हतं. मी आरमोरीला दहावीपर्यंत शिकलेली, मलाच काय ते कळलं. मोह गेला तर उन्हाळ्यात तीस घरांनी काय खायचं? सागाची फुलं?

तेवढ्यात बायनाबाई उभी राहिली. आमच्या ओळीतलं सगळ्यांत जुनं माणूस. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही. आम्ही पाण्याला पानी म्हणतो आणि गाण्याला गानं. साहेबांचा 'गौण' तिच्या कानापर्यंत जाता जाता आमचा होऊन गेला.

"काय म्हनते साहेब? गान्याची झाडं तोडनार?"

साहेब हसले. पोट हलेपर्यंत हसले. कलापथकही हसलं, हार घातलेला गायक तर डोळे पुसत हसला. एकटा इस्तारी हसला नाही. तो ढोलकीच्या शाईकडे बघत बसला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी उठलेच. "हसता काऊन साहेब? गौन म्हंजे काय, ते सांगा ना तिले. तिच्या तोंडावर सांगा."

"गौण म्हणजे दुय्यम, बाई. फारसं महत्त्व नसलेलं. किरकोळ."

बायनाबाईनं ते नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"ज्याचं फूल खाऊन माही सात लेकरं उन्हाळा काढून मोठी झाली, ते किरकोळ? नाई साहेब. तुमीच चूक वाचलं. मी आयकलं तेच बराबर हाय."

आणि ती खाली बसली. तोडीचा दिवस आठ दिवसांनंतरचा ठरला होता.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे वाटेवर सायकलची घंटी वाजली. आरमोरीहून अकरा किलोमीटर सायकल हाणत इस्तारी आला होता. चपला हँडलला लटकवलेल्या, पाय अनवाणी.

"काऊन आले?" मी विचारलं.

"फुलं वेचू लागाले."

"येते का?"

"शिकवा."

त्याला काही येत नव्हतं. दोन फुलं उचलायला गेला की तिसरं गुडघ्याखाली यायचं. मी हसू दाबत होते, राग धरून ठेवायचा होता मला. पण अनवाणी आलेल्या माणसावर किती वेळ रागावणार?

"काल मी हसलो नाई," तो खाली बघतच म्हणाला.

"पाह्यलं मी."

"पाह्यलं?" त्यानं मान वर केली.

"...सगळ्याइकडेच पाहत होती मी."

टप्... एक फूल त्याच्या डोक्यावर पडलं. त्यानं ते हळूच काढून माझ्या टोपलीत टाकलं आणि म्हणाला, "आमच्या घरी नदीत मोठं जाळं ओढतात ना, तवा गातात. दहा मानसं अन दहा आवाज. पन ठेका एक पाह्यजे. सगळ्याइचा हात एका वेळी पडला तरच जाळं येते. गानं नाई, तर मासोळी नाई."

माझे हात थांबले. बायनाबाईचा आवाज कानात घुमला. गाण्याची झाडं.

"इस्तारी," मी पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली, "बायनाबाईनं आयकलं ते खरं करून टाकलं तर? एकेका झाडाले एकेक गानं... ज्याचं झाड, त्याचं गानं. तोडाच्या दिवशी एकतीस झाडाखाली एकतीस गानी. मंग म्हना म्हनावं किरकोळ!"

तो माझ्याकडे बघत राहिला. असं की मलाच फुलं सोडून दुसरीकडे कुठेतरी बघावं लागलं.

सहा पहाटे तो आला. आधी वेचायला, मग माझ्याबरोबर घरोघरी. कुंताकडे रोवण्याची गाणी होती, धानाचं रोप लावताना म्हणायची. इंदिराबाईकडे हळदीची. गोंडांच्या बायकांनी रेला, म्हणजे त्यांचं फेर धरून नाचायचं गाणं, ठरवला. माझ्या बाबांची, रामाजींची, भीमगीतांची मंडळी होती; त्यांनी पेटीचा भाता नवा करून घेतला. इस्तारी प्रत्येकीजवळ उकिडवा बसून ऐकायचा, बोटांनी मांडीवर ताल धरायचा. बायका त्याला चिडवायच्या, मला जास्त.

एका पहाटे माझ्या केसात फूल अडकलं. त्याचा हात पुढे आला... आणि वाटेतच थांबला.

"घेऊ का?"

"राहू दे," मी म्हटलं.

"फूल?"

"...हात."

मग दोघांनीही बराच वेळ एकही फूल वेचलं नाही.

*

सहाव्या दिवशी मी विचारलं, "परवा ढोलकी तूच वाजवशीन ना?"

तो टोपलीतली फुलं उगाच वर-खाली करायला लागला.

"इस्तारी?"

"माया नोकरीचा आर्डर एका एका वर्षाचा हाय, सत्यशीला. साहेबाची सही लागते. घरी माय हाय, दोघी बहिनी हायेत... मी इथी येतो हेच कोनाले माहीत नाई."

खरं सांगते, आज मला त्याचं म्हणणं कळतं. तेव्हा कळलं नाही. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त आमचं झाड होतं, आणि त्या झाडाखाली सहा दिवस गोड बोलणारा हा माणूस.

"म्हंजे चोरून येतं तू? आमाले गायाले लावाचं, अन कुऱ्हाड आली की जीपमंधी बसाचं?"

"आयक ना—"

"आयकलं मी! पाहून नाई वाजवत म्हने! तू पाहूनच वाजवतं. साहेबाचं तोंड पाहून वाजवतं!"

त्याचा चेहरा पडला. सायकल उचलून तो गेला. चपला हँडललाच राहिल्या होत्या. मी आख्खी टोपली तिथेच ओतली आणि रडले. रागानं रडले, असं मी घरी सांगितलं.

*

तोडीच्या दिवशी उन्हं वर आली तशी जीप आली. आणि तिच्यावर भोंगा, आणि भोंग्यातून तेच गाणं... बांधवांनो, हातातली कुऱ्हाड टाका! साहेबांनी आमची समजूत घालायला कलापथक सोबत आणलं होतं. आणि जीपच्या मागून वीस माणसं चालत येत होती, वीस जणांच्या खांद्यावर वीस कुऱ्हाडी. पुढे गाणं कुऱ्हाड टाका, मागे कुऱ्हाडी. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आम्हालाच काय ते वाटत होतं, कारण आम्ही अज्ञानी.

इस्तारी जीपमध्ये होता. मांडीवर ढोलकी, मान खाली.

आम्ही गायला लागलो. बायनाबाईनं पहिल्या झाडाखाली सुरुवात केली, मग कुंता, मग इंदिराबाई, मग बाबांची पेटी... आणि सगळा गोंधळ झाला. एकीकडे रोवणी, एकीकडे हळद, मधेच भीमगीत, पलीकडे रेला. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. एकमेकींच्या आवाजानं एकमेकी चुकायला लागल्या.

"हा काय आठवडी बाजार आहे?" साहेबांनी हसून विचारलं. कलापथक पुन्हा हसलं.

लाजेनं एकेक आवाज बसत गेला. त्यात माझाही. मला स्वतःचा संताप आला, की एवढं आपलं असून आपल्याला नीट गाताही येऊ नये? आणि तेवढ्यात, टोकाला, वाटसराच्या झाडावर पहिला घाव पडला. खाट्!

ते झाड कुणाच्याच घरचं नव्हतं. एकतीस गाणी म्हणता म्हणता त्याच्याखाली गायला कुणी बसलंच नव्हतं.

दुसरा घाव पडायच्या आत जीपमधून कुणीतरी उडी मारली. इस्तारी आमच्या झाडलेल्या जमिनीपर्यंत धावत आला. कडेला थांबला. चपला काढल्या. मग फुलं चुकवत चुकवत, एकही न चिरडता, वाटसराच्या झाडापाशी गेला आणि त्या घावाला पाठ लावून बसला.

"इस्तारी! गाडीत बस," साहेब ओरडले.

त्यानं डोळे मिटून घेतले होते. ढोलकीवर थाप पडली. संथ, खोल, एकच. मग थांबून पुन्हा एक. मी ओळखलं तो ठेका. जाळं ओढायचा. सगळ्यांचा हात एका वेळी पडायचा.

पहिल्यांदा कुंतानं तो धरला. मग बाबांच्या पेटीनं. मग रेला म्हणणाऱ्या बायकांचे पाय आपोआप त्यावर पडायला लागले. गाणी वेगळीच राहिली, शब्द वेगळे, चाली वेगळ्या, पण थाप पडली की सगळी एकदम टेकायची आणि एकदम उठायची. मीही गायले. आयुष्यात एवढ्या रागानं आणि एवढ्या आनंदानं मी पुन्हा कधी गायले नाही.

कुऱ्हाडवाल्यांचा म्होरक्या जंगू, पलीकडच्या टोल्यातला गोंड. त्यानं रेला ऐकला, उचललेली कुऱ्हाड हळूच खाली घेतली आणि जमिनीवर टेकवली.

"साहेब, गानं चालू हाय. फुलावरच्या मोहाखाली गानं चालू असताना आमी कुऱ्हाड घालत नाई."

"मग संपू दे. संपलं की घाला."

"हो. सरलं की घालतो," जंगू म्हणाला, आणि तंबाखू काढून सावलीत बसला. त्याच्यामागे एकोणीस जण बसले.

गाणं सरलं नाही. एकीचं संपायच्या आत दुसरी उचलायची. बायनाबाईला एवढी गाणी येत होती हे तिलाही माहीत नव्हतं. साहेब दुपारी वैतागून गेले. आम्ही पाळ्या लावून तीन दिवस गायलो, पहाटे फुलं वेचत गायलो, आणि चौथ्या दिवशी कागद आला: तोड तूर्त स्थगित.

तूर्त! तो शब्द वाचून मी पुन्हा पेटले. बाबा म्हणाले, जाऊ दे पोरी, झाडाला वाचता येत नाही. पण पलीकडच्या गावातली बावीस गौण झाडं त्याच आठवड्यात पडली. ती पडली तेव्हा कुठल्या भोंग्यावर कुठलं गाणं चालू होतं, मला माहीत नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि यायलाच हवा.

*

कागद आला तसा इस्तारी घरी गेला होता; पाचव्या दिवशी परत आला. पायी. सायकल पथकाची होती. सदऱ्याची इस्त्री गेली होती.

"आर्डर गेला," तो म्हणाला.

मी टोपली खाली ठेवली.

"...मायले काय सांगतलं?"

"सांगतलं, नदीत जाळं ओढीन. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ असते, तिथी वाजवीन. माय म्हने, लय दिवसांनी मानसासारखं वागला." तो थोडा हसला, मान कलती करून. "ढोलकी माहीच हाय. सरकारची नाई."

"मी तुले लय वाईट बोलली, इस्तारी."

"खरं बोलली. त्या दिवशी मी पाहूनच वाजवत होतो." मग हळूच, "जीपमंधी डोळे मिटले, तवा तुया आवाज आयकू आला. बसत चालला होता. मले... मले ते सहन झालं नाई."

पलीकडे बाबा पेटी पुसत होते. पुसून झालेलीच पुन्हा पुसत होते. तो ढिवराचा, आम्ही बौद्ध. दोन्हीकडची तोंडं बोलणार हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. बोलू देत. ज्यांना झाडात गौण आणि उपयुक्त दिसतं, त्यांना माणसांतही दिसणारच.

"आमच्या मंडळीले ढोलकीवाला पाह्यजे गा," बाबा तिकडूनच मोठ्यानं म्हणाले, पेटीला सांगितल्यासारखं.

इस्तारी लाजला. वळला आणि त्या तीन दिवसांसारखा वाटसराच्या झाडाखाली बसायला निघाला. घाव अजून ओला होता; मी त्यावर शेणमाती लिंपली होती.

"तिथी नोको बसू," मी म्हटलं.

"काऊन?"

"ते वाटसराचं हाय."

तो थांबला. फुलं गळत होती... टप्... टप्... एक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या.

"मंग मी कोन हाव?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "तुया मी कोन हाव, सत्यशीला?"

मी आमच्या झाडाखालची झाडलेली जमीन त्याला दाखवली. आणि जमेल तितकं गंभीर तोंड करून सांगितलं,

"गौन."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग मान हळूहळू एका बाजूला कलली. त्यानं चपला काढल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसला.